मोजणीआबांचा शेवटचा प्लॉट

आबा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले. चपला काढल्या, डोळे बारीक करून खोलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, भाडा किती देता ता सांगू नका. पन तुमची ही भित वाकडी हाय."

शहापूरच्या कचेरीत आवक-जावक कारकून म्हणून बदलून येऊन मला पंधराच दिवस झाले होते. ती खोली मोठ्या मिनतवारीने मिळालेली. बायकोने चहाचं आधण ठेवलं होतं, ती तशीच बाहेर येऊन बघत राहिली. आबांनी कोटाच्या खिशातून गाठी मारलेली सुतळी काढली. कोपऱ्यापासून एका भिंतीला तीन गाठी मोजल्या, दुसरीला चार, दोन्हीकडे खडूने खूण केली आणि त्या दोन खुणांमध्ये सुतळी ताणून मला दाखवली. कोपरा सरळ असता तर बरोबर पाच गाठी भरल्या असत्या. इथे पाच भरून वर चार बोटं जागा उरत होती. "बगा," एवढंच म्हणून ते खाली बसले आणि बशीत ओतून चहा प्यायले. पुढे चार वर्षं आम्ही त्या खोलीत काढली, पण त्या भिंतीकडे पाय करून मला कधी झोप लागली नाही. बायको म्हणायची, भिंत होती तशीच आहे, तुमचंच डोकं वाकडं झालंय.

ते मूळचे मुरबाडचे. सरकारी मोजणीदार. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत त्यांना सगळे मोजणीआबा म्हणत, आणि त्यांची बायकोही चारचौघांत तेच म्हणे. धोतर, वर खाकी कोट, डोक्यावर टोपी आणि उन्हाने करपून खापरासारखा झालेला चेहरा. आयुष्यभर एक डोळा मिटून दुसऱ्याने लांबचे झेंडे बघितल्यामुळे त्यांचा उजवा डोळा कायम जरा बारीकच राहिला होता. नवीन माणसाला वाटे, आबा आपल्याला डोळा मारतायत. आमच्या एका अव्वल कारकुनाने तर त्यावरून गैरसमजही करून घेतला होता.

फूट आणि मैल त्यांच्या बोलण्यात नसत. त्यांची मोजणीची लोखंडी साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी रुंद आणि एक साखळी लांब जमीन म्हणजे एक गुंठा, हे ते शाळेतल्या पोरालाही ऐकवायचे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, ताजी मासळी कुठे मिळते? तर म्हणाले, "हितून सोळा साखळ्या सरळ जा वयनी, मंग डावीकडं तीन." ती गेली, आणि मासळी तिथेच होती. तेव्हा मीटर नुकते येऊ घातले होते. कचेरीत परिपत्रक आलं तेव्हा आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि घरात नको असलेला पाहुणा उतरावा तसा चेहरा करून निघून गेले.

मोजणीआधी ते कुणाकडे पाणीसुद्धा घेत नसत. मोजणी झाल्यावर मात्र भाकरी आणि सुकट मागून घेत, आणि ज्याच्या विरुद्ध मोजणी गेली असेल त्याच्याच घरी जेवायला बसत. मी म्हटलं, आबा, तो विष घालील एखादे दिवशी. ते म्हणाले, "जो जितला त्याच्याकडं सगलेच जातात. हरला त्याच्याकडं कोन जानार?"

एकदा मुरबाडकडच्या एका गावात मी कामानिमित्त त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोन भावांचा बांधावरून वाद; कोयते निघायचे तेवढे बाकी. आबांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हद्दीच्या दगडापासून मोजणी सुरू केली आणि साखळी धरायला आणलेल्या गड्याला झाडाखाली बसवून साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. चैत्राचं ऊन. एक ओढतो, दुसरा ओढतो, आबा मागून ओरडतात, "ताना! झोल नको!" सकाळचे दुपारी बारा झाले तरी वादाचा बांध आला नव्हता. शेवटी दोघे भाऊ एका आंब्याखाली बसून एकाच तांब्यातलं पाणी प्यायले, आणि आबांनी अर्ध्या तासात काम उरकलं. परतताना मी विचारलं, एवढ्या लांबून कशाला सुरुवात केलीत? "बांद जवलच्या दगडावरून पयल्या साखलीतच कलला असता," ते म्हणाले. "पन भांडान आटाया येल लागतो."

नाहीतर माणूस हट्टी आणि वैताग आणणारा. खर्डीला एका लग्नाला गेले आणि मांडव काटकोनात नाही म्हणून दोन मेढी उपटून पुन्हा रोवायला लावल्या. नवरदेव बाहेर घोड्यावर, भटजी घड्याळाकडे बघतायत, आणि आबा सुतळी ताणतायत. मुलीचा बाप रडकुंडीला आला. मुहूर्त टळला नाही हे त्या मुलीचं नशीब. पुढे खर्डीतल्या लोकांनी आबांना लग्नाचं आमंत्रण द्यायचं तर मांडव उतरल्यावर द्यायला सुरुवात केली.

ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच मी हे सगळं लिहितो आहे.

सापगावच्या रस्त्याला ओढ्यापासून शाळेच्या दगडी कुंपणापर्यंत सरकारी जमिनीचा वीस साखळ्यांचा एक लांब पट्टा होता. त्यात भूमिहीनांना घरांसाठी वीस प्लॉट द्यायचे ठरलं. प्रत्येक प्लॉट एक साखळी रुंद, दोन साखळ्या लांब. सगळे एका ओळीत. वाटपाचा समारंभ मे महिन्याच्या अखेरीस ठरला, आणि मोठे साहेब येणार म्हणून चार दिवस अलीकडे ओढला गेला. आबांना सकाळी निरोप मिळाला, दुपारी बाराच्या आत वीस प्लॉटचे दगड रोवून पाहिजेत.

त्याच आठवड्यात आबांची साखळी तुटली होती. नवी मागवायची तर अर्ज वर जाऊन खाली येईपर्यंत दोन मोसम गेले असते, म्हणून मुरबाडच्या बाजारात लोहाराकडून त्यांनी ती आदल्याच दिवशी सांधून आणली होती. कचेरीच्या आवारात दोन दगड रोवलेले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. रोज सकाळी साखळी त्या दगडांवर ताणून तपासायची आणि मगच कामाला निघायचं हा नियम, आणि तो नव्या मोजणीदारांना आबाच शिकवत. त्या सकाळी त्यांनी साखळी तपासली नाही. बाहेर जीप उभी होती, मामलेदार हाका मारत होते.

बाराला पाच कमी असताना एकोणीस प्लॉट मोजून झाले. शेवटच्या प्लॉटची पलीकडची हद्द म्हणजे शाळेचं कुंपणच होतं. तो मोजायची गरज नव्हती. दगड कुंपणाला टेकवून रोवले, आणि आबा मांडवात येऊन सगळ्यात मागे उभे राहिले. हार झाले, भाषणं झाली, वीस जणांच्या हातात वीस कागद पडले. मी यादी वाचून नावं पुकारत होतो. दुसऱ्याच दिवसापासून पावसाळ्यासाठी मोजणी बंद झाली, साखळी दप्तरखान्यात खिळ्याला टांगली गेली, आणि दसऱ्यानंतर मोजणी पुन्हा सुरू झाली तेव्हा कचेरीत नवी साखळी आलेली होती. पुढल्या वर्षी आबा निवृत्त झाले. तरी हंगामात मोजणीला माणूस कमी पडला की कचेरी त्यांना रोजावर बोलावी, आणि ते नव्या नवरीच्या उत्साहाने येत.

शेवटचा प्लॉट राघो आणि ठकी या नवराबायकोला मिळाला होता. गावाबाहेरच्या वाडीत, दुसऱ्याच्या जमिनीवर त्यांची झोपडी. दिवाळी झाली की दोघं दोन मुलींना घेऊन वाशिंदकडे वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडाला परत येत. प्लॉट देताना अट होती की तीन वर्षांच्या आत घर बांधायला हवं, नाहीतर जमीन सरकारजमा. दोन वर्षं त्यांची जुळवाजुळवीत गेली. तिसऱ्या दिवाळीच्या आधी ठकी एकटीच घराच्या परवानगीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. झोपडीखालची जमीन मालकाला हवी होती आणि येत्या पावसाआधी उठा, असं त्याने बजावलं होतं.

अर्ज आठ दिवसांत परत आला. जागेची रुंदी साडेतेवीस फूट. तीस फुटांच्या आतल्या जागेत घराला परवानगी देता येत नाही. मला वाटलं, तपासणीला गेलेल्याने काहीतरी घोळ घातला. ठकीला विचारलं, तुमचा प्लॉट लहान आहे हे तुम्हाला दिसलं नाही?

"दिसला की," ती म्हणाली. "आमाला वाटला, आमच्या वाट्याला येवढाच आला."

मी आबांना मुरबाडला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने ते हजर. कागद वाचला नाही, आकडा विचारला. साडेतेवीस म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "दप्तरखान्याची चावी आना," म्हणाले. आम्ही ती जुनी, गंजलेली साखळी खिळ्यावरून काढली आणि आवारातल्या दोन दगडांवर ताणली. एक टोक मी धरलं होतं, दुसरं त्यांनी. त्यांच्या बाजूला साखळी दगड ओलांडून अर्धा फूट पुढे गेली होती. लोहाराने सांधताना दोन कड्या जास्त घातल्या होत्या.

म्हणजे एकोणीस प्लॉट प्रत्येकी अर्धा फूट जास्त रुंद झाले होते, आणि त्या सगळ्यांची साडेनऊ फुटांची भरपाई एकट्या शेवटच्या प्लॉटने केली होती.

आबा तिथेच त्या दगडावर बसले. कचेरीत येणारेजाणारे नमस्कार करून जात होते, आबांना ते दिसत नव्हते. मग म्हणाले, "भाऊसाहेब, नव्या पोरांना मी चालीस वरसां काय सांगतोय? जमीन खोटा बोलत नाय." मी साखळी गोळा केली.

हद्दी सरकवणं आता शक्यच नव्हतं. एकोणीसही प्लॉटांवर घरं उभी राहिली होती. एकोणिसाव्या प्लॉटची हद्द साडेनऊ फूट मागे घेतली तर तिथल्या जानूची भिंतच त्यात जात होती. शाळेचं मैदान वेगळ्या खात्याचं; त्यातले साडेनऊ फूट मागितले असते तर ती फाइल माझ्या नातवाने बंद केली असती. एकच वाट होती. वरून खास बाब म्हणून सवलत मिळवायची, की एवढ्याच जागेत, एवढ्या एका घराला, रुंदीची अट लागू नाही. अशा सवलती मागणारे अर्ज माझ्या हातून शेकड्याने वर गेले होते. मंजूर होऊन खाली आलेले मी बोटांवर मोजले असते.

पण आबा आधी अर्जाकडे वळले नाहीत. ते त्या ओळीतल्या एकोणीस घरी गेले. मीही रविवार म्हणून बरोबर होतो. प्रत्येक अंगणात टोपी हातात घेऊन ते एकच सांगत. "तुमच्याकडं अर्दा फूट जास्त आलाय. चूक माजी हाय. मागाया नाय आलो, सांगाया आलो." लोकांना हे झेपेना. सरकारी माणूस नुसतं सांगायला येतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बायका दाराआड गेल्या, पुरुष मान डोलावत राहिले. जाताना मी आबांना म्हटलं, उगीच घाबरवलंत बिचाऱ्यांना.

पुढल्या रविवारी आम्ही ठकीच्या जागेची नीट मापं घ्यायला गेलो, तर ओळीत सगळीकडे ताजी माती उकरलेली. एकूणएक काटेरी कुंपणं उपटून पुन्हा रोवलेली. पहिल्या प्लॉटवरचा म्हातारा पांडूबाबा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आबा, रातीची बैठक केली आमी. ज्याच्या त्याच्याकडं अर्दा फूट जास्त, मंग ज्याना त्याना आपला अर्दा फूट शेजाऱ्याला देऊन टाकला. पोचला का नाय तिकडं साडेनऊ फूट?"

आबांनी जाऊन ठकीची जागा मोजली. चोवीस फूट. अर्ध्या फुटाने वाढली होती.

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, आबांच्या लगेच पडला. पहिल्याने आपला अर्धा फूट दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने तो घेतला आणि आपला तिसऱ्याला दिला. असं करत करत मधल्या सगळ्यांना जेवढं मिळालं तेवढंच त्यांनी पुढे सारलं, आणि पांडूबाबाचा एकट्याचा अर्धा फूट हातोहात ठकीपर्यंत पोचला. एकोणीस घरांनी आठवडाभर खड्डे खणले होते ते एवढ्यासाठी.

आबा हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, टोपीने डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिले. पांडूबाबाला काय ते समजावून सांगितलं तेव्हा तो खट्टू झाला. "मंग बाकीच्यांनी उगाच खनला म्हना!"

"उगाच नाय रे," आबा म्हणाले. "मंगाशी मी एकटा व्हतो. आता आमी वीस झालो."

त्याच दुपारी एकोणीस घरांचे अंगठे एका कागदावर घेतले, की शेवटच्या प्लॉटवर घर व्हायला आमची हरकत नाही. अर्जाचा मसुदा मी केला. या कामात माझा हात बसलेला होता. मी लिहिलं, मूळ मोजणीत काही तफावत आढळून आल्याने सदर जागेची रुंदी कमी भरत आहे. आबांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "तफावत आपल्या पायान चालत आली काय? लिवा, साखली मी तपासली नाय. खाली माजा नाव टाका."

मी विनवण्या केल्या. निवृत्त माणसाची चौकशी लागू शकते, म्हटलं. चाळीस वर्षांचं नाव आहे, म्हटलं. शेवटी चिडून म्हणालो, तुमच्या कबुलीने जागा रुंद होणार आहे का? ते शांतपणे म्हणाले, "बारक्या जागा तालुक्यात लई हायत, भाऊसाहेब. सायेब इचारल, हिलाच का द्यायचा? तर हिची चूक नाय म्हनून. मंग कुनाची ता नको सांगाया?"

एवढ्या वर्षांत सवलतीचा कायदा मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितला नव्हता. मी निमूटपणे लिहिलं.

अर्ज गेला आणि चार महिन्यांनी शेरा आला. बाजूची मोकळी जागा सोडून घराला जेमतेम चौदा फूट रुंदी उरते. एवढ्यात कुटुंबाने राहणं आरोग्याच्या दृष्टीने योग्य होईल काय, हे जागेवर येऊन पाहू. खाली प्रांतसाहेबांची सही. त्या वर्षी राघो एकटाच भट्टीवर गेला होता; पावसाला तीन महिने उरले होते. ठकीचा धीर सुटला. "चौदा फुटात नाय रायचा तर काय?" ती म्हणाली. "आमची झोपडी आठ फूट हाय."

"ता सांगून नाय चालायचा," आबा म्हणाले. "दावू."

त्यांनी तिच्या जागेवर चुन्याच्या फक्कीने घर आखलं. चौदा बाय तीस. भिंती, मधला आडोसा, दोन खिडक्या, पुढे पडवी, एक दार. काटकोन तीनतीनदा तपासले, हे सांगायला नकोच. मग ठकीला म्हणाले, "आता हितं रा. सायेब येईस्तवर, तीन दीस. सकाली ये, सांजच्याला जा. पन भितीतून जायाचा नाय. दारातून." ठकीला आधी हसू आलं, मग तिने खरंच बिऱ्हाड आणलं. चूल मांडली, ती धूर पडवीत येतो म्हणून हलवली, आबांनी लगेच फक्कीची खिडकी दीड हात सरकवली. जातं ठेवलं. कोंबड्या मात्र कुठल्याही भिंतीतून जात. दोन्ही मुली दुसऱ्या दिवशी इतक्या सरावल्या की धावत आल्या तरी दाराशी वळून आत यायच्या. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत कुंपणावर चढून हे बघत बसत.

तिसऱ्या दिवशी प्रांतसाहेब आले. तरुण, काळा चष्मा, घाईत. राघो पहाटेच्या गाडीने वाशिंदहून आला होता आणि अंग चोरून उभा होता. साहेब जीपमधून उतरले आणि हातातला नकाशा बघत सरळ चालत निघाले. ठकी चुलीशी होती. ती तिथूनच ओरडली, "सायेब, भित हाय तिथं! दारातून या."

मामलेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे, आबा आभाळाकडे. साहेबांनी खाली पाहिलं. त्यांचा एक बूट भिंतीत होता. त्यांनी पाय मागे घेतला, पुढून वळसा घातला, आणि दारातून आत येताना चक्क जरा वाकले. मामलेदारही वाकले. मागोमाग मीही.

आत आल्यावर साहेबांची घाई गेली. मुली कुठे झोपतील, त्यांनी विचारलं. मुली पटकन आडव्या होऊन दाखवून मोकळ्या झाल्या. वारा कुठून येईल? आबांनी खिडकी दाखवली. आजारी माणसाला वेगळं ठेवायचं झालं तर? ठकीने आडोशापलीकडची जागा दाखवली आणि तिथे आपली सासू असती तर किती बरं झालं असतं, हेही सांगितलं. साहेब पडवीत बसून पाणी प्यायले. मग अर्ज वाचायला लागले आणि एका ओळीवर थांबले.

"हे मोजणीदार कोण?"

"मी," आबा म्हणाले.

"हे वाक्य तुम्ही समजून लिहिलंय ना? हे काढूनही मी शिफारस करू शकतो. जागा पाहिली मी."

"ता काढला तर सायेब, उद्या तुमची बदली झाल्यावर कोनीतरी इचारल, हिला कशी दिली? मंग घर पाडाया येतील. राहू द्या ता."

साहेबांनी अर्ज घडी करून खिशात घातला, आणि जाताना दारातूनच गेले.

गुढीपाडव्यानंतर एकाच दिवशी दोन लखोटे आले. एकात मंजुरी होती, खास बाब म्हणून, फक्त या जागेपुरती आणि पुढे कुणी दाखला म्हणून वापरू नये या अटीवर. दुसरा आबांच्या नावचा होता. कामात हलगर्जी केल्याबद्दल नापसंती, आणि यापुढे त्यांना मोजणीच्या कोणत्याही सरकारी कामावर बोलावण्यात येऊ नये. दोन्हींची नोंद मीच वहीत केली, एकाखाली एक. मला त्या दिवशी माझ्या नोकरीचा राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही.

पत्र मी टपालात न टाकता स्वतः मुरबाडला घेऊन गेलो. आबांनी मला वाचायला लावलं, ऐकलं, आणि विचारलं, "ठकीचा आला काय?" आला म्हटल्यावर बायकोला हाक मारून म्हणाले, भाऊसाहेबांना जेवून धाडायचा. मी निघताना एस.टी.च्या थांब्यापर्यंत आले आणि तिथे उभे असताना म्हणाले, "बराच झाला. डोला बी आता ऱ्हायला नाय." मला माहीत होतं, डोळा चांगला होता.

घर पावसाच्या आत उभं राहिलं. विटा राघोच्या भट्टीवरच्या, कौलं जुनी, आणि मजुरी ओळीतल्या एकोणीस घरांची. घरभरणीला मला आमंत्रण होतं. माझी बदली झाली होती आणि चार दिवसांनी मी शहापूर सोडणार होतो. आबा मुरबाडहून सकाळीच आले होते. राघोने त्यांना पहिल्या पाटावर बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि ठकीने आग्रह करकरून वाढलेला गूळ घातलेला भात. आबा पोटभर जेवले. भिंतीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो.

जेवण झाल्यावर ते हात धुऊन आत आले, भिंतीला पाठ टेकून बसले, आणि बोलता बोलता तिथेच कलंडून झोपी गेले. टोपी घरंगळली. उंच माणूस, पाय लांब केल्यावर खोलीची वाट निम्मी अडली. दुसरी पंगत बसायची होती. लोक पत्रावळ्या घेऊन दारात खोळंबले, पांडूबाबा आत डोकावून म्हणाला, "आबांना जरा उठवा गो, बाहेर बाजेवर निजतील. हितं मानसां बसायची कुठं?"

ठकी वाढायचं भांडं घेऊन उभी होती. तिने आबांच्या पायांजवळून पाट काढून घेतला, लेकींना भिंतीकडे सरकवलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "निजू द्या त्यांना. जागा हाय."